३० सेकंदांच्या स्प्रिंट: चौथ्या फेरीपासून वेग पडतो, काय घ्यावं?

चुना_लाईन: वजन ७० किलो. ३० सेकंद पूर्ण जोर, ४ मिनिटं विश्रांती, अशा ६ फेऱ्या. चौथीपासून मांड्या भरून येतात. स्पर्धा ६ आठवड्यांवर, हीट (पात्रता शर्यत) आणि फायनल एकाच दिवशी. क्रिएटिन, बीटा-ॲलनिन की खायचा सोडा?

स्नायूशास्त्र: सुरुवातीच्या काही सेकंदांचा जोर फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे स्नायूतल्या झटपट ऊर्जेच्या साठ्यावर चालतो; क्रिएटिनने तो वाढतो. ४ मिनिटांत तो बराचसा भरून येतो, पण पूर्ण नाही. स्नायूतली आम्लता मात्र त्याहून सावकाश उतरते. म्हणून दोन्हीकडे बघावं लागेल.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, जेवणासोबत. साठा भरायला ३-४ आठवडे लागतात, तेवढे तुमच्याकडे आहेत. त्यामुळे ५-७ दिवस रोज २० ग्रॅमच्या लोडिंगची गरज नाही. लोडिंग करायचंच तर ५-५ ग्रॅमचे चार भाग करा, एकदम घेतलं तर जुलाब होऊ शकतात. वजन किलोभर वाढेल, ते पाणी असतं.

बीटा-ॲलनिन आजपासूनच सुरू करा. त्याने स्नायूतलं कार्नोसिन (आम्लता आवरणारं द्रव्य) वाढतं, पण त्याला किमान ४ आठवडे हवेत. शर्यतीच्या सकाळी घेऊन काही उपयोग नाही. दिवसाला ४ ते ६ ग्रॅम, पण एका वेळी ०.८ ते १.६ ग्रॅमच. जास्त घेतलं की चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात. त्रासदायक, पण निरुपद्रवी. (मुंग्या आल्या म्हणजे पावडर ‘लागू पडली’ हा जिममधला गैरसमज.)

वजनकाटा: सोड्याबद्दल. तो रक्तातून आम्लता आवरायला मदत करतो. मात्रा किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १४ ते २१ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. खायचा सोडाच हवा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, ती चालणार नाही.

गडबड पोटात होते. सोडा जठरातल्या आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो: पोट फुगणं, मळमळ, जुलाब. म्हणून १४ ग्रॅमपासून सुरुवात. तीन-चार भाग करून, शर्यतीआधी अडीच तास ते एक तास या वेळात, पिष्टमय खाण्यासोबत आणि भरपूर पाण्यासोबत. आधी सरावात दोनदा तरी करून बघा. २१ ग्रॅममध्ये जवळपास ६ ग्रॅम सोडियम जातं, तेव्हा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नादी लागू नका.

चुना_लाईन: धन्यवाद. कॅफीन चालेल का? आणि क्रिएटिनने किडनीचा रिपोर्ट बिघडतो म्हणतात?

स्नायूशास्त्र: क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं आणि किडनीच्या तपासणीत तेच मोजतात, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा थोडा वर जाऊ शकतो. निरोगी माणसात तेवढ्यावरून किडनी बिघडली असं होत नाही. तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करता येते, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही.

कॅफीन किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे २१० मिलिग्रॅम, तासभर आधी. फायनल संध्याकाळी असेल तर झोपेचं खोबरं होईल. २००४ पासून ते बंदीच्या यादीत नाही.

तिसरी_लेन: थोडं वेगळं मत. तिन्ही एकदम सुरू केलीत तर पोट कशाने बिघडलं ते कळणार नाही. आधी क्रिएटिन आणि बीटा-ॲलनिन, सोडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आणि आदल्या दिवशी कार्बोहायड्रेट कमी पडलं असेल तर शेवटच्या फेऱ्या तशाही ढेपाळतात, ते आधी बघा.

‘प्री-वर्कआउट’ मिश्रणं टाळा. घटकांचे वेगवेगळे आकडे अनेकदा लेबलवर नसतात आणि भेसळीतून उत्तेजक द्रव्य पोटात गेलं तरी डोपिंगची जबाबदारी खेळाडूचीच. इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्या प्रमाणन योजनेत बंदी असलेल्या द्रव्यांसाठी बॅच-चाचणी झालेला डबा घ्या, बॅच क्रमांक त्यांच्या साइटवर ताडून बघा.