मदत हवी आहे : जुना अमिगा कॉम्प्युटर रास्त भावात कसा मिळेल?

टिकटिक_ड्राइव्ह
तीन महिने रोज जाहिराती चाळतोय. मशीन तेच, पण एक जण एक भाव सांगतो, दुसरा त्याच्या चौपट. चौपटवाला "दुर्मिळ" म्हणतो, आणि असे दुर्मिळ एकाच पानावर पंधरा दिसतात. खरा भाव ओळखायचा कसा, एवढंच सांगा. एमुलेटर, म्हणजे आजच्या पीसीवर अमिगाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, सुचवू नका, प्लीज.

बिट_आणि_बाइट
कुठला अमिगा? ५००, ६००, १२००? चालू हवा की दुरुस्तीची तयारी आहे? आणि जोडणार कशाला?

टिकटिक_ड्राइव्ह
५००. अजून कुठला असणार! चालूच हवा.

सोल्डर_धूर
मागितलेला भाव बघूच नका. मागायला कोणीही काहीही मागतं. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा फिल्टर आहे, तो लावा. दहा-पंधरा सौदे बघितलेत की अंदाज येईल. त्यातही चालू, बंद, खोक्यासकट आणि नुसतं मशीन असे वेगळे काढा, नाहीतर सगळी सरमिसळ होते. ५०० हा १९८७ पासून लाखोंनी खपला. त्याला दुर्मिळ म्हणणाऱ्याशी घासाघीस करण्यातही अर्थ नाही, पुढे जा.

"टेस्ट केलेलं नाही" लिहिलं असेल तर बंद आहे असं धरूनच भाव करा. प्लग लावून बघायला दोन मिनिटं पुरतात. चालू निघालं असतं तर तसं लिहिलं असतंच.

विक्रेत्याकडे आवाजासकट व्हिडिओ मागा. फ्लॉपी न घालता सुरू केल्यावर हातात फ्लॉपी धरल्याचं चित्र यायला हवं, आणि रिकामा ड्राइव्ह थोड्या थोड्या वेळाने टक् टक् करायला हवा. चित्र आलं तर रॉम, रॅम, प्रोसेसर बहुतेक शाबूत. टक् टक् ऐकू आली तर ड्राइव्ह निदान जिवंत आहे.

मागच्या_बाकावरून
पिवळा पडलेला घ्या, स्वस्त पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की पांढरा होतो.

बिट_आणि_बाइट
आणि काही काळाने पुन्हा पिवळा होतो. शिवाय नीट लावलं नाही तर डाग उठतात. त्यांनी रंगाचं विचारलेलंच नाही.

फ्लक्स_वाचक
तुम्हाला जुन्या डिस्क वाचायच्या आहेत का? असतील तर अमिगा घ्यायची गरजच नाही. ग्रीझविझल नावाचं छोटं बोर्ड यूएसबीला लावा, त्याला पीसीचा साधा साडेतीन इंची ड्राइव्ह जोडा. अमिगाच्या ८८० केबीच्या डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, फाइलमध्ये निघते.

टिकटिक_ड्राइव्ह
डिस्क आहेत, चाळीसेक. ताईने डिलक्स पेंट या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये काढलेली चित्रं आहेत त्यांत. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मला ती चित्रं त्याच मशीनवर, तिने काढली तशी बघायची आहेत. म्हणून एमुलेटर नको म्हणालो.

फ्लक्स_वाचक
हे आधी सांगायला हवं होतं हो. मग तर मशीन येण्याआधी इमेज काढाच. एवढ्या जुन्या डिस्कला बुरशी असू शकते. ती ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाला, चिकटली तर ही डिस्क ओरखडते आणि पुढची पण. अनोळखी ड्राइव्हमध्ये ताईंची डिस्क पहिली घालू नका.

सोल्डर_धूर
इथे मी फ्लक्स_वाचक यांच्या बाजूने, एरवी आमचं पटत नाही. आणि पडद्याचं काय? ५०० चा २३ पिनी आरजीबी सिग्नल १५ किलोहर्ट्झचा असतो, आजचे बहुतेक मॉनिटर तो घेत नाहीत. कंपोझिटवर, म्हणजे साध्या एका तारेच्या व्हिडिओ जोडणीवर, फक्त कृष्णधवल दिसेल. रंगीत चित्रं बघायची तर स्कार्ट टीव्ही (जुन्या युरोपीय टीव्हीचं आरजीबी घेणारं सॉकेट असलेला) नाहीतर कन्व्हर्टर लागेल. तो खर्च मशीनच्या भावात धरा.

टिकटिक_ड्राइव्ह
स्कार्ट टीव्ही आहे, केबलही आहे. खरं तर एक ५०० माझ्याकडे पडून आहे. मार्चमध्ये "टेस्ट केलेलं नाही" वाचूनच घेतला होता. नुसता हिरवा पडदा येतो. विक्रेत्याने पुढे उत्तरच दिलं नाही. म्हणून दुसरा शोधतोय.

बिट_आणि_बाइट
अहो, मग दुसरा कशाला! हिरवा म्हणजे चिप रॅमची, चित्र-आवाजाच्या चिप वापरतात त्या मेमरीची, तक्रार. पोटाखालच्या झडपेत जादा मेमरीचं कार्ड आहे का? ते काढून सुरू करा. त्यावरची बॅटरी गळून कार्ड खराब झालेलं असतं.

सोल्डर_धूर
ते करून झालं नाही तर अ‍ॅग्नस बघा. चौकोनी चिप, सॉकेटमध्ये बसवलेली. मशीन बंद करून आधी नुसती नीट दाबा. उचलायची वेळ आली तर योग्य चिमटाच वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलंत की सॉकेटचा कोपरा तुटतो.

टिकटिक_ड्राइव्ह
कार्ड काढलं, बॅटरीभोवती हिरवट फेस होता. तरी पडदा हिरवाच. मग अ‍ॅग्नस दाबली, चारही कोपरे.

हात आला. फ्लॉपी धरलेला हात. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

पण टक् टक् काही ऐकू येत नाही. आता नुसता ड्राइव्ह रास्त भावात कुठे मिळेल?

सोल्डर_धूर
थांबा, लगेच काही घेऊ नका. ड्राइव्हला गेलेल्या दोन्ही केबल काढून पुन्हा लावा आणि कळवा.

फ्लक्स_वाचक
आणि टक् टक् आली तरी आधी कोरी डिस्क!