उ. मांद्य ग्रहणाचं चक्र

“५ मे २०२३ला ग्रहण म्हणून जागलो, चंद्राला काहीच झालं नाही, पंचांगातही वेध नव्हते,” अशी एकाची तक्रार आहे. वेध कसे असतील? ते मांद्य (छायाकल्प) ग्रहण होतं. चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरलाच नाही, विरळ सावलीतून निघून गेला. आम्ही गुहागरच्या पुळणीवर होतो. पावणेअकराच्या सुमारास उत्तरेकडची कड जराशी मळकट वाटली, तीही माहीत होतं म्हणून. घरच्यांच्या मते माझ्या चष्म्यालाच खारं लागलं होतं.

खरी मजा सारोस चक्रात आहे. ६५८५ दिवस आणि सुमारे ८ तासांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवसांनी, तसंच ग्रहण परत येतं. याच मालिकेतलं आधीचं २४ एप्रिल २००५चं, पण तेव्हा आपल्याकडे दुपार. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते ना! पुढचं १६ मे २०४१ला, पहाटे, चंद्र समुद्रात बुडता बुडता. दर फेरीला चंद्र सावलीच्या मध्याकडे थोडा सरकतोय, त्यामुळे ते मांद्य नसेल, बारीकसं खंडग्रास असेल. मळभ नसलं तर. मे महिन्यात कोकणात त्याचा काय भरवसा!