मदत हवी आहे: घरी दोन वाइन ताडून कशा पाहाव्यात?

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा महिनाभर रात्रीच्या जेवणासोबत नाशिकच्या रोजच्या वापरातल्या वाइन चाखून वहीत नोंदी करतोय. सध्या शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या दोन पांढऱ्या वाइन समोरासमोर ठेवल्यात. पहिल्या रात्री फरक लख्ख कळतो: शेनिनला पिकल्या पेरूसारखा गोडसर वास, सोव्हिन्योंला हिरव्या मिरचीचा आणि लिंबाचा. ७५० मिलीची बाटली दोघांना चार दिवस पुरते, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही मंद, जवळजवळ सारख्याच लागतात. मग तुलना करायची कशी?

बूच लावून फ्रिजमध्येच ठेवतो. उघडल्या दिवशीच अर्धी वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली, तर हवा कमी लागून चव टिकेल का? कोणी करून पाहिलंय का?

दुसरं म्हणजे शिराझ, ही रेड वाइन. पुण्यातल्या एप्रिलमध्ये ती कपाटातून काढून तशीच ओतली की नुसती दारूच नाकात जाते. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर खूपच बरी लागली. तुम्ही किती वेळ ठेवता?

आणि भरल्या वांग्यासोबत काय घ्यावं? दाण्याचं कूट आणि गोडा मसाला यांच्यापुढे आमची प्रत्येक वाइन हरली आहे. हे उत्तर मला खरंच हवंय.