कोरियन सरदारपुत्राचा उन्हाळा: दोघांची भेट कुठं दाखवावी?

मांजराकाठ
युवक महोत्सवासाठी एकांकिका बसवायलोत. प्राचीन कोरिया, उन्हाळा, सरदाराचा मुलगा आणि झोक्यावरची मुलगी. अडलंय ते असं: दोघं उघड भेटू शकत होते का, अंगावर कापड कोणतं आणि हातात खेळ कोणता द्यायचा?

वेरूळवाट
दादा, आधी काळ ठरवा. 'प्राचीन' म्हणून सिल्ला धरलं तर ते राज्य 935 मध्येच संपलं. तुमच्या डोळ्यापुढं घोड्याच्या केसांची काळी टोपी असेल तर तो चोसन काळ, 1392 नंतरचा. काळ बदलला की रीतही उलटी होते. 1123 मध्ये कोर्योला, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या काळातल्या कोरियन राज्याला, गेलेला चिनी दूत श्यू जिंग लिहितो की उन्हाळ्यात तिथले लोक दिवसातून दोनदा अंघोळ करतात, कपडे काठावर टाकून बाया-पुरुष एकाच ओढ्यात उतरतात. चोसनमध्ये कन्फ्यूशियसची शिस्त आली आणि हे सगळं बंद झालं. पुढं पुढं तर घरंदाज बाई डोक्यावरून झगा ओढल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती.

म्हणून चोसन घेतलं तर मुलगी सरदारघरची नको, तिचं लग्न घरचेच ठरवणार. कीसेंगची, म्हणजे दरबारी कलावंतिणीची मुलगी करा. छुनह्यांगची लोककथा अशीच आहे: नामवनला दानोच्या दिवशी ती झोक्यावर, तो ग्वांगहल्लू मंडपातून बघतोय.

दानो म्हणजे पाचव्या महिन्याची पंचमी. अधिक मासाचा घोळ नसला तर आपली ज्येष्ठ शुद्ध पंचमीच, एखाद्या दिवसाच्या फरकानं. बायका त्या दिवशी वेखंडाच्या पाण्यानं केस धुवायच्या. चोसनमधला चित्रकार शिन युन-बोक याच्या चित्रात ओढ्यावर न्हाणाऱ्या बायका, लाल घागऱ्यातली एक झोक्यावर पाय ठेवताना आणि खडकाआडून बघणारी दोन पोरं आहेत. झोका उभ्यानं, नागपंचमीला आपल्याकडं लिंबाला बांधून घेतात तसा. नटी फळीवर बसली की प्रवेश गेला.

ढाळजेतला
खेळ तुहो द्या, म्हणजे सुरईत बाण टाकणं. जुन्या चिनी विधिग्रंथात माप आहे, त्सुन या जुन्या चिनी लांबीच्या मापात: मान 7 त्सुन, पोट 5, तोंड अडीच. तोंड साधारण सहा सेंटिमीटर धरा. प्रत्येकाला चार बाण, अंतर अडीच बाणांएवढं. सुरईत बारीक कडधान्य भरलेलं असायचं, नाहीतर बाण तळाला आपटून बाहेर उसळतो. तालमीत नेमकं हेच होतं आणि दोष नटाच्या नेमावर येतो. बाण भाल्यासारखा फेकू नका. वर उचलून सोडा, टोक खाली वळून पडलं पाहिजे. हरलेल्यानं प्यायची, तेव्हा संवादाला जागा आपोआप मिळते.

मांजराकाठ
तूर भरली तर चालंल का? आपल्याकडं तीच मुबलक.

ढाळजेतला
चालंल, पण मूग बरे, दाणा बारीक असल्यानं बाण रुततो. वजनही पाहिजे, प्लास्टिकची सुरई पहिल्याच बाणाला कलंडते.

सुताचा_धागा
कापड मोशी, म्हणजे रॅमी नावाच्या झाडाच्या सालीच्या धाग्याचं. हान्सानची मोशी नावाजलेली. कोरड्या हवेत तो धागा तटातट तुटतो, म्हणून विणकर ओलसर तळघरात माग लावायचे. कडक खळ दिली की कापड अंगापासून सुटून उभं राहतं आणि वारा आत खेळतो. आत वेताची जाळीदार बंडी, म्हणजे घामानं सदरा पाठीला चिकटत नाही. रंगमंचासाठी खळ दिलेली ऑर्गंडी घ्या. पॉलिस्टर घेतलं तर दिव्यांच्या उष्णतेनं दहा मिनिटांत चिकटणार, आणि चिकटलेला सरदार सरदार दिसत नाही.

झोपायच्या प्रवेशात पोकळ विणीचा बांबूचा लोड ठेवा, त्याला कवटाळून झोपायचे. नाव जुकबुइन, अर्थ 'बांबूची बायको'. बापाचा लोड मुलानं वापरायचा नाही असा दंडक होता. विनोदाला हे आयतंच. फक्त बांबूची कूस घासून घ्या.

वेरूळवाट
रात्रीची भेट दाखवणार असाल तर राजधानीत घंटेचे 28 ठोके पडले की वेशी बंद. शिन युन-बोकच्याच चांदण्यातल्या प्रेमिकांच्या चित्रावर रात्रीचा तिसरा प्रहर लिहिलाय, त्यांच्या हिशेबानं 11 ते 1. ठोके विंगेतून ऐकवा. कंदील त्याच्या हातात, तिच्या नाही.