जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क केसिंगमध्ये बसतच नाही

जात्यावरची
माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, २००८ सालचा लॅपटॉप आहे. बिजागरी तुटलेली, पडदा काळा, बटण दाबलं की पंखा एकदा घरघरतो आणि संपलं. मामा जाऊन सहा वर्षं झाली. लॅपटॉपचं मला काही करायचं नाही. पण त्यांनी आत्यांच्या (सासूबाईंच्या) जात्यावरच्या ओव्या त्यात टाइप करून ठेवल्या होत्या, दोन उन्हाळे बसून. आत्या गायच्या आणि मामा एका बोटाने टाइप करायचे. आता आत्या ८१ वर्षांच्या आहेत. पहिली ओळ म्हणतात नि थांबतात.

इथल्या दुकानात नेला तर पोरगा उघडूनही न बघता म्हणाला, "डिस्क गेलीय मॅडम, रिकव्हरीला बारा हजार." मी उठून आले. खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढून डिस्क स्वतःच बाहेर काढली आणि ऑनलाइन ४५० रुपयांचं अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) केसिंग, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायचा डबा, मागवलं. तर डिस्कचं तोंड केसिंगमध्ये जातच नाही! जोर लावायची भीती वाटते. केसिंग चुकीचं आलंय का?

पेचकस
जोर लावू नका. डिस्कच्या तोंडाला बोटाएवढी काळी प्लास्टिकची पट्टी आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्डाच्या मध्ये असा जोडतुकडा असतो आणि डिस्क काढताना तो तिलाच चिकटून येतो. दोन्ही कडांना नख घालून थोडं इकडून, थोडं तिकडून असं सरळ मागे ओढा, वाकवू नका. बाजूची पत्र्याची चौकटही काढा, चार बारीक स्क्रू असतात.

आत दोन चपट्या पट्ट्या दिसल्या, एक लांब नि एक आखूड, तर डिस्क साटा आहे आणि केसिंग बरोबर आलंय. बारीक सुयांच्या दोन रांगा दिसल्या तर आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची. मग केसिंगही आयडीईचंच लागेल.

जात्यावरची
निघाली! मी तो डिस्कचाच भाग समजत होते. चपट्या पट्ट्याच आहेत. केसिंगमध्ये टक्कन बसली.
पण आता नवीनच. संगणकाला पुढच्या बाजूने जोडली तर दिवा लागतो, फिरल्यासारखा आवाज येतो, मग टिक्... टिक्... आणि गप्प. 'माय कॉम्प्युटर'मध्ये काहीच नाही. पोरगं खरं बोललं की काय?

रविवारचा मिस्त्री
डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्या ऑफिसात एकाची चालली होती.

पेचकस
मिस्त्री, कृपा करून हे सांगू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि थोडीफार आशा असते तीही जाते. फ्रीझरमध्ये कुल्फी ठेवा.

जात्यावरची ताई, आधी वीज तपासा. यूएसबी २ चं पोर्ट हिशेबाने ५०० मिलिअँपिअर देतं आणि या जुन्या डिस्का फिरायला लागताना एक अँपिअरच्या आसपास ओढतात. पुढच्या पोर्टला आतून लांब वायर आलेली असते, तिथे वीज आणखी कमी पडते. मागच्या बाजूला, थेट बोर्डावरच्या पोर्टला, आखूड केबलने जोडा. दोन शेपट्यांची केबल मिळाली तर दोन्ही टोकं लावा. तरीही टिकटिक तशीच राहिली तर लगेच काढा आणि परत परत लावून बघू नका. मग आतलं हेड (तबकडी वाचणारा भाग) गेलेलं असू शकतं, आणि प्रत्येक प्रयत्नात ते तबकडी खरवडतं. तसं असेल तर बारा हजारवाल्यांकडेच जावं लागेल, फक्त दुसऱ्या.

जात्यावरची
मागे लावली. 'जी' ड्राइव्ह आला!! हात थरथरत होते माझे.
डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये मामांच्या नावाचा फोल्डर आहे, पण क्लिक केलं की परवानगी नाही म्हणतो. शिवाय एकदा "डिस्क फॉरमॅट करायची का" असंही आलं. मी घाबरून केबलच उपटली.

पेचकस
फॉरमॅटला कधीही 'हो' म्हणू नका. केबलही अशी उपटू नका, पण कळलं.
परवानगीचं म्हणाल तर विंडोज एक्सपीच्या खात्याचा फोल्डर दुसऱ्या संगणकावर सहसा असा उघडत नाही. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथून मालकी आपल्या नावावर करता येते. पण त्यात डिस्कवर लिहिलं जातं, आणि फॉरमॅट विचारणाऱ्या डिस्कवर मी एक अक्षरही लिहिणार नाही. पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घाला, त्यावरून संगणक चालू करा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. त्याला विंडोजच्या परवानग्यांशी देणंघेणं नसतं. आधी ओव्यांचा फोल्डर उचला, फोटोबिटो नंतर. आणि कॉपी दुसऱ्या डिस्कवर करा, तिच्यावरच नको.

जात्यावरची
भाच्याने पेनड्राइव्ह करून दिला. 'जाते' नावाचा फोल्डर सापडला. २१४ फाइल्स, पाच मिनिटांत आल्या. पण उघडल्या की कचरा! टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच पौंडाची खूण. खराब झाल्या का हो?

डीटीपीवाले काका
खराब नाहीत, ही श्रीलिपी किंवा तसाच कुठला तरी जुना फॉन्ट आहे. युनिकोडच्या (आताच्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधी सगळे असेच टाइप करायचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असायचे, त्यामुळे फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आणि फॉन्ट तुमच्याकडेच आहे! त्याच डिस्कवर विंडोज फोल्डरात 'फॉन्ट्स' फोल्डर आहे, तो आख्खा उचलून आणा. टाइप करायला त्या सॉफ्टवेअरचं डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लागायचं, नुसतं वाचायला फॉन्ट पुरतो. पुढे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या, पण रफार आणि 'प्र', 'ट्र'सारखी पोटात र असलेली जोडाक्षरं डोळ्याने तपासा, तिथे कन्व्हर्टर हमखास घसरतात.

जात्यावरची
काका, दिसलं. सगळं दिसलं. 'जाते १'च्या डोक्यावर मामांनी तारीखसुद्धा घातलीय आणि कंसात लिहिलंय, "लाईट गेली, उरलेलं उद्या."
रात्री आत्यांना वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं. "वाडा नव्हं, वसरी. त्येंनी चुकीचं घातलंय." मामांची प्रत तशीच ठेवलीय, दुसऱ्या प्रतीत वसरी केलं.

आता १७ फाइल्स उरल्यात, त्या कशातच उघडत नाहीत. नावाच्या शेवटी पी ६५ आहे.

डीटीपीवाले काका
पेजमेकर ६.५, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. म्हणजे मामा पुस्तक लावायला बसले होते! त्याच्यानंतर आलेल्या इनडिझाइनच्या सीएस ६ मध्ये उघडतील, नंतरच्यांत नाही. माझ्या जुन्या मशीनवर आहे. फाइल्स आणि तो फॉन्ट्सचा फोल्डर झिप करून पाठवा, पीडीएफ करून देतो.