ऑक्सिजन जरासा कमी पडला आणि वायबीसीओ थेट कुचालक?

घाईची_गोळी:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वायबीसीओची (इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं अतिवाहक संयुग, थंडीत रेझिस्टन्स शून्य) गोळी केली. ९४० अंशांवर सिंटरिंग (भुकटी भाजून घट्ट करणं) झालं आणि फर्नेस थंड व्हायची वाट न बघता मी ती चिमट्यानं बाहेर काढली. (सबमिशन तोंडावर, घाई माझीच.) गोळी काळीभोर, अशुद्धीचा हिरवट डाग एकही नाही. पण लिक्विड नायट्रोजनमध्ये फोर-प्रोबवर (चार टोकांनी मोजायची पद्धत) रेझिस्टन्स शून्य होणं राहिलं बाजूला, उलट कितीतरी पट वाढला. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) स्फटिकरचना टेट्रागोनल, म्हणजे चौरस पायाची. ऑक्सिजन कमी पडला हे कळलं. पण सूत्रातला ऑक्सिजनचा आकडा सातचा सव्वासहाच्या आसपास आला म्हणून धातूचा कुचालक? सिलिकॉनसारखंच ना, डोपिंग (वाहक वाढवणारी भेसळ) कमी तर करंट कमी?

भट्टीवाला:
सिलिकॉनची उपमा इथेच दगा देते. तिथे बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांचा पट्टा) मुळात भरलेला. इथे तांबे-ऑक्सिजनच्या बिनडोप थरात दर तांब्यामागे एक सुटा इलेक्ट्रॉन, म्हणजे बँड अर्धा भरलेला. पुस्तकाप्रमाणे तो धातूच हवा. पण एका तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन बसवायला इतकी ऊर्जा पडते की कुणी जागचं हलत नाही. पंधरा सोंगट्या सरकवायचं कोडं आठवा. त्यातलं रिकामं घरही भरलं तर सगळं ठप्प. होल म्हणजे ते रिकामं घर. (काटेकोर बोलायचं तर होल तांब्यावर कमी, शेजारच्या ऑक्सिजनवर जास्त असतं.)

आकडे लँथेनम-स्ट्रॉन्शियमवाल्या भावंड संयुगात स्वच्छ दिसतात. बिनडोप असताना सव्वातीनशे केल्व्हिनपर्यंत शेजारच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन (छोटे चुंबकच म्हणा) एकाआड एक उलटे. दर तांब्यामागे ०.०२ होल घातलं की ती शिस्त मोडते. ०.०५ च्या पुढे अतिवाहकता, ०.१६ जवळ शिखर, ०.२७ च्या सुमारास खेळ खलास, उरतो साधा धातू.

तुमच्या गोळीत होल पुरवतात त्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या. विखुरलेले सुटे ऑक्सिजन थरातून इलेक्ट्रॉन फारसे ओढत नाहीत, साखळी लांब व्हावी लागते. त्यामुळे सव्वासहाला थर जवळजवळ बिनडोपच. गोळी फेकू नका. ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांवर ठेवा, मग सावकाश उतरवा.

हॉलवाला:
एक पुरवणी. कमी डोपिंगला हॉल मापनातून (चुंबकीय क्षेत्रातल्या आडव्या व्होल्टेजवरून) दर तांब्यामागची वाहकसंख्या साधारण पी, म्हणजे घातलेल्या होलांइतकीच येते, खूप डोप केल्यावर एक अधिक पी. म्हणजे खिळलेले इलेक्ट्रॉनही मोजणीत येतात. नुसती होलं वाढवून हे होत नाही, अख्खी व्यवस्थाच पालटते.

घाईची_गोळी:
बारा तास ऑक्सिजनमध्ये ठेवली, रात्रभर उतरवली. ९१ केल्व्हिनला रेझिस्टन्स कोसळला! प्रोब सुटला असेल म्हणून दोनदा तपासलं. पण ३०० पासून १२० केल्व्हिनपर्यंतचा रेझिस्टन्स-तापमान आलेख पट्टीनं ओढल्यासारखा सरळ आलाय. ही माझीच काही चूक?

भट्टीवाला:
चूक कसली, डोपिंग नेमकं जमल्याची ती खूण. जास्त डोप झालं की रेष तापमानाच्या वर्गाकडे वळते. सरळ का, यावर १९८६ पासून भांडणं चालू आहेत. व्हायव्हात तुम्ही होऊन तो विषय काढू नका.