मदत हवी आहे: पेशी मरायलाच तयार नसेल तर भुरी-तांबेऱ्याचं काय?

नमस्कार मंडळी,

नागपुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. सेमिनारला विषय घेतलाय प्राण्यांमधली पेशीमृत्यू रोखणारी जनुकं पिकात घालून रोग आणि ताण सोसायची ताकद वाढवण्याचा. वाचन बऱ्यापैकी झालंय, पण एका जागी गाडी अडलीय. जाणकारांनी कृपया लक्ष घालावं.

मला समजलंय ते असं. स्क्लेरोटिनियासारखी बुरशी मेलेल्या पेशींवर पोसते. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि झाडाच्या पेशीचा स्वतःला संपवायचा कार्यक्रम सुरू करून देते. म्हणजे खून कमी, आत्महत्येला प्रवृत्त करणं जास्त! मग तो कार्यक्रमच दाबला तर? 2001 मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या मार्टिन डिकमन यांच्या गटाने तंबाखूत माणसाचं बीसीएल-2, कोंबडीचं बीसीएल-एक्सएल, सूत्रकृमीचं सेड-9 आणि किड्यांच्या बॅक्युलोव्हायरसमधलं आयएपी अशी जनुकं वेगवेगळी घालून पाहिली. झाडं स्क्लेरोटिनियाला आणि तशाच बोट्रायटिस बुरशीला पुरून उरली. बीसीएल-एक्सएलची निकामी केलेली आवृत्ती घातली तेव्हा मात्र संरक्षण मिळालं नाही. मला हाच भाग सगळ्यात पटला, कारण नुसतं परकं प्रथिन भरून भागत नाही, त्याचं मूळ कामच लागतं, हे त्यातून दिसतं.

केळीचंही उदाहरण आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात पनामा मर या केळीच्या बुरशीरोगाच्या टीआर-4 जातीने भरलेल्या जमिनीत कॅव्हेंडिश केळी लावली. तीन वर्षांच्या चाचणीत सेड-9 असलेला एक वाण शेवटपर्यंत निरोगी राहिला. निकाल 2017 मध्ये छापून आले. तिथेच रानकेळीचं आरजीए-2 हे रोगप्रतिकाराचं जनुक घातलेला आणखी एक वाणही टिकला.

आता अडचणी.

एक, झाडांच्या जीनोममध्ये बीसीएल-2 च्या कुळातलं जनुक सापडत नाही, खरे कॅस्पेज (प्राण्यांत पेशी संपवताना प्रथिनं कापणारी विकरं) नाहीत. मग हे प्रथिन तिथे जाऊन धरतं तरी कुणाला?

दोन, आणि खरी पंचाईत हीच. भुरी, तांबेरा या बुरशींना जिवंत पेशी लागते. तिथे झाड संसर्ग झालेली पेशी मुद्दाम मारून रोग जागीच अडवतं. पेशी मरेनाशी झाली तर आपण त्यांना आयतं ताट वाढून देणार नाही का?

हे विचारायला घरचंही कारण आहे. काटोलकडे मोठ्या बाबांची संत्र्याची बाग आहे, कलमं जंबेरी खुंटावरची. बुंध्यातून डिंकाचे ओघळ येतात, साल खरवडली की आत तपकिरी चट्टा. दरवर्षी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासणं चालूच. विषय ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मंग आपल्या डिंक्यावर चालन काय थे?" डिंक्या करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव आधी जिवंत पेशींत राहतो आणि नंतर त्यांना मारतो, त्यामुळे मला उत्तरच सुचेना.

— संत्राबर्फी

@संत्राबर्फी, प्रश्न नेमके आहेत.

पहिल्याबद्दल: जनुकाची अक्षरं जुळत नाहीत म्हणून यंत्रणाच नाही असं होत नाही. उंदराचं बॅक्स हे पेशी मारणारं प्रथिन तंबाखूत बनवलं तर तंबाखूची पेशी मरते, हे 1999 मध्येच दिसलं. बॅक्सला अडवणारं बीआय-1 तर झाडांकडे स्वतःचंच आहे. कॅस्पेजच्या जागी मेटाकॅस्पेज आहेत, पण ते प्रथिन वेगळ्या ठिकाणी कापतात. कॅस्पेज अ‍ॅस्पार्टेटनंतर, हे आर्जिनीन किंवा लायसीननंतर (ही सगळी प्रथिनातली अमिनो आम्लं). शिवाय रिक्तिकेतलं (पेशीतल्या पाणपिशवीतलं) एक प्रोटिएज (प्रथिन कापणारं विकर) कॅस्पेज-1 सारखं वागतं. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या नमुना-झाडातलं बॅग हे पेशी वाचवणाऱ्या प्रथिनांचं कुटुंबही वाचा. ते साध्या क्रमवारीच्या तुलनेत निसटलं होतं, रचनेवरून शोधल्यावर हाती लागलं. त्यातलं बॅग-4 भातात घातल्यावर खारेपणा सोसायची क्षमता वाढली.

दुसऱ्याबद्दल: भीती रास्त आहे आणि तिला पुरावाही आहे. एमएलओ जनुक निकामी असलेल्या सातूत भुरी पेशीच्या आत शिरू शकत नाही. 2003 च्या प्रयोगात अशा सातूच्या पेशींत बीआय-1 जास्त बनवलं, तर भुरी आत शिरली. सेमिनारला हीच स्लाइड ठेवा. "सगळ्या रोगांवर एकच जनुक" हा दावा तिथेच गळतो. म्हणून असं जनुक अख्ख्या झाडात चोवीस तास चालू ठेवण्यापेक्षा ठरावीक अवयवात किंवा जखम झाल्यावरच चालू होईल असा प्रमोटर (जनुकाचा चालू-बंद खटका) लावणं शहाणपणाचं.

डिंक्यासाठी तूर्त बोर्डोच बरं. मोठ्या बाबांना सांगा, बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे एक चक्कर मारा.

— पेशीवाला

पेशीवालांनी विज्ञान सांगितलं, मी सरकारी भानगड सांगतो. 2022 ची जीनोम-संपादनाची सूट परकं डीएनए नसलेल्या झाडांनाच आहे. सूत्रकृमीचं जनुक घातलं की जीईएसीची (परक्या जनुकांची पिकं तपासणारी केंद्राची समिती) पूर्ण वाट चालावी लागेल, आणि बीटी वांगं 2010 पासून त्याच वाटेवर अडकलंय. पिकाचं स्वतःचं जनुक संपादित करायचा रस्ता त्यामानाने मोकळा. आणि हो, "माणसाचं जनुक संत्र्यात घालणार काय?" हा प्रश्न मागच्या बाकावरून येणारच. उत्तर तयार ठेवा, केळीत सूत्रकृमीचं होतं हे आधी सांगा.

— वऱ्हाडी_वकील

दोघांचेही आभार! सातूचा पेपर आजच काढते. आता एकच राहिलं: फायटोफ्थोरा मुळांतून शिरतो, तर फक्त मुळांत चालणारा प्रमोटर लावून असं जनुक खुंटातच घातलं आणि वरचं कलम साधंच ठेवलं, असं काम कुणाच्या वाचनात आहे का? लिंबूवर्गीय नसलं तरी चालेल, कोणतंही कलमी झाड सांगा.

— संत्राबर्फी